जाड कामासाठी कटर: कोणतं घ्यावं आणि कसं चालवावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरातलं काम स्वतःच काढलं आहे. जिप्सम बोर्ड कापायचे आहेत, चिकटवलेला जुना गालिचा उखडायचा आहे, थोडं इन्सुलेशन भरायचं आहे आणि वर जाड पुठ्ठ्याच्या खोक्यांचा ढीग आहे. साध्या कटरचं ब्लेड कापता कापता मोडलं आणि तुकडा उडाला. म्हणून आता ‘हेवी-ड्यूटी’ कटर घ्यायचं आहे. कोणतं घ्यावं, आणि हातमोजे घातले की पुरे का?

आधी उत्तर सांगतो, कारणं मागाहून. दोन हत्यारं घ्या. एक, १८ मिलिमीटर रुंदीच्या, तुकडे मोडता येणाऱ्या ब्लेडचं कटर. त्याचं ब्लेड पार तोंडापर्यंत धातूच्या खोबणीत बसलेलं हवं आणि चाक फिरवून आवळता यायला हवं. दुसरा, दोन्ही टोकं वापरता येणाऱ्या समलंब ब्लेडचा आखूड, दणकट चाकू, ज्यात आकडीचं, म्हणजे टोकाशी हुकासारखं वळलेलं ब्लेडही बसेल. २५ मिलिमीटरचं धूड इन्सुलेशन किंवा जाड फोम भरपूर असेल तरच घ्या. हातमोज्यांपुरतं उत्तर ‘नाही’ असं आहे. का ते पुढे येईलच.

आता ब्लेड मोडलं का ते बघू. बारीक कटरचं ब्लेड ९ मिमी रुंद आणि साधारण ०.३८ मिमी जाड असतं. १८ मिमीचं ०.५ आणि २५ मिमीचं ०.७ मिमी. आकडे ऐकायला जवळजवळचे वाटतात, पण पातळ पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. त्यात रुंदी दुप्पट, म्हणजे तेवढंच बाहेर काढलेलं १८ मिमीचं ब्लेड आडव्या जोराला साडेचारपट ताठ राहतं. लांबीचं गणित उलट्या बाजूने तेवढंच कडक आहे: बाहेर काढलेली लांबी दुप्पट केली की तेवढ्याच जोराला टोक आठपट वाकतं. बहुतेक लोक नेमकं हेच करतात. जाड माल दिसला की ब्लेड चार-पाच तुकडे बाहेर काढतात, मूठ जरा तिरकी होते, आणि ब्लेड एखाद्या खाचेवर मोडतं. खाच तर मोडण्यासाठीच पाडलेली आहे. ही कल्पना योशिओ ओकादा या जपानी माणसाची, १९५६ सालची. तो छापखान्यात कागद कापायचा, आणि फुटलेल्या काचेची धारदार कड व खाचांवर मोडणारी चॉकलेटची वडी यांवरून त्याला ती सुचली, असं त्यानेच पुढे उभ्या केलेल्या ‘ओल्फा’ कंपनीकडून सांगितलं जातं. धार गेली की तुकडा मोडायचा, पुढची ताजी धार हजर. सोय मोठी आहे, पण तीच या कटरची सर्वांत कमकुवत जागाही आहे. तुमच्या कटरने जे केलं ते त्याच्या घडणीला धरूनच होतं.

त्यामुळे ‘हेवी-ड्यूटी’ या शिक्क्याकडे मी फारसं बघत नाही. बघतो ते ब्लेड किती घट्ट धरलं आहे ते. ब्लेड दोन तुकडे बाहेर काढा, लॉक करा, आणि टोक लाकडाच्या फळीवर हलकेच टेकवून मूठ डावी-उजवीकडे किंचित हलवा. ब्लेड खोबणीत खुळखुळलं तर ते कटर ठेवून द्या, मूठ कितीही रबरी आणि जाडजूड असो. कागदावर रेघ मारताना ही ढिलाई जाणवत नाही. बोर्डवर मात्र ब्लेड पट्टीपासून भरकटतं, आपण ते ओढून जागेवर आणायला जातो, आणि तो आडवा जोर ब्लेडला सोसत नाही. खोबणीची धातूची पट्टी मुठीच्या तोंडाशी संपते की दोन बोटं आधीच थांबते, हेही बघा. पुढचं तोंड नुसत्या प्लास्टिकचं असेल तर काही दिवसांत ते झिजून रुंदावतं.

लॉकचे प्रकार मुख्य दोन. एकात स्लायडर सोडला की तो आपोआप दातात अडकतो. घटकेत ब्लेड मागे-पुढे करायचं असेल तेव्हा हा सोयीचा. दुसऱ्यात छोटं चाक फिरवून ब्लेड आवळतात. जोराच्या कामाला चाकच. स्वयंचलित लॉकचे दात झिजले की दाब आल्यावर ब्लेड हळूच आत सरकतं, आणि हाताची लय बिघडते. चाकाची खोड वेगळी: ते आवळायचं राहून जातं. म्हणून प्रत्येक वेळी ब्लेड बाहेर काढल्यावर टोक टाकाऊ फळीवर टेकवून एकदा दाबून बघायची सवय लावा. डावखुरे असाल तर चाक आणि स्लायडर कुठल्या बाजूला येतात ते हातात धरून बघा. बऱ्याच कटरांत ब्लेड उलटं बसवता येतं, सगळ्यांत नाही.

समलंब ब्लेडचा चाकू हा वेगळ्या जातीचा. ब्लेड सुमारे ६० मिमी लांब, जाड प्रकारात ०.६ मिमीच्या आसपास, आणि त्याचा जेमतेम तिसरा हिस्सा बाहेर असतो. खाचेच्या रेघा नाहीत, बाहेर लोंबणारी लांबी नाही, म्हणून मोडण्याची भीती बरीच कमी. एक टोक बोथट झालं की काढून उलटं लावायचं. यात ब्लेड कायम बाहेर असलेला, मागे सरकणारा आणि घडीचा असे तीन प्रकार मिळतात. कायम बाहेर असलेला सर्वांत ताठ, पण म्यानाशिवाय तो बाळगू नये. घडीचा खिशाला सोयीचा, पण त्यात बिजागरीचं लॉक ही आणखी एक बिघडू शकणारी जागा वाढते. मी मागे सरकणाराच सुचवेन. ब्लेड बदलायला स्क्रू असलेला चाकू लोकांना कटकटीचा वाटतो आणि बटण दाबून ब्लेड निघणारा आधुनिक वाटतो. आकडीचं ब्लेड ओढताना मात्र सगळा जोर ब्लेड बाहेर खेचायच्या दिशेने येतो, आणि ढिल्या बटणाच्या चाकूतून ते निसटू शकतं. बटणाचा घ्यायचाच असेल तर ब्लेडच्या पाठीवरच्या खाचा आत नीट अडकतात ना, ते पक्कडीने ब्लेड ओढून बघा.

नुसती खोकी उघडायची असतील तर दोन्हींपेक्षा शहाणी वस्तू म्हणजे ब्लेड आपोआप आत जाणारा चाकू. साध्या प्रकारात स्लायडरवरचा अंगठा उचलला की ब्लेड आत जातं. त्याहून पुढच्या प्रकारात ब्लेड मालातून निसटलं की अंगठा दाबलेला असला तरी आत जातं. हा फरक मोठा आहे, कारण हात निसटतो तेव्हा आपण मूठ सोडत नाही, उलट आणखी आवळतो.

ब्लेडच्या धातूवर फार डोकं खपवू नका. साधं कार्बन स्टील उत्तम कापतं आणि लवकर गंजतं. काळपट, जास्त तीक्ष्ण म्हणून विकली जाणारी ब्लेडं कागद, वॉलपेपर आणि फोमसाठी सुंदर. जिप्समवर त्यांची चैन परवडत नाही, ती धार काही रेघांतच जाते. ‘बायमेटल’ म्हणजे लवचीक पोलादाच्या पाठीला हायस्पीड स्टीलची कड जोडलेलं ब्लेड. ते वाकतं पण पटकन तुटत नाही, आणि धारही टिकते. गालिचाच्या कामाला मी तेच लावेन. सिरॅमिक ब्लेड गंजत नाही, पण आडव्या जोराला टवका उडतो. तुमच्या कामात त्याला जागा नाही. प्लास्टिकच्या वेष्टनाखालच्या मालाला भोक पडू नये म्हणून गोल टोकाची ब्लेडंही मिळतात. ब्लेडांना पुन्हा धार लावत बसू नका. पैसा मुठीवर एकदाच खर्च करा आणि ब्लेडं वाण्याच्या हिशोबाने न मोजता बदला. बोथट ब्लेडला जास्त जोर लागतो, आणि तो जोर काप संपल्यावर कुठेतरी जातोच.

सुरक्षिततेचं सगळं शास्त्र मी एका प्रश्नात बसवतो: काप या क्षणी अचानक संपला, तर ब्लेड कुठे जाईल? प्रत्येक रेघ ओढण्याआधी हे मनाशी विचारायचं. उत्तर ‘हवेत’ किंवा ‘टाकाऊ फळीत’ असेल तर ओढा. उत्तर दुसऱ्या हाताचा अंगठा, मांडी, पोट किंवा शेजारी बोर्ड धरून उभा असलेला माणूस असं असेल तर जागा बदला. तुमची नाहीतर मालाची. ‘नेहमी अंगापासून लांब कापा’ हा नियम सगळीकडे सांगतात, पण लांब सरळ रेघ अंगाकडे ओढूनच नीट येते, हे काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तेव्हा रेघेच्या समोर उभं राहू नका, एका बाजूला राहा, म्हणजे ओढ कमरेच्या शेजारून मागे निघून जाईल. मांडीवर ठेवून मात्र काहीही कापायचं नाही, दोरीचा तुकडासुद्धा नाही. मांडीच्या आतल्या बाजूने मोठी रोहिणी जाते आणि ती फार खोल नाही.

दुसरा हात हा खरा जखमी होणारा हात. पट्टी धरलेली असते, अंगठा पट्टीच्या कडेबाहेर अर्धा सेंटिमीटर डोकावतो, ब्लेड पातळ पट्टीवर चढतं आणि अंगठ्याचा शेंडा जातो. प्लास्टिकची फूटपट्टी या कामाला वापरूच नका. जाड ॲल्युमिनियमची किंवा बोटांपुढे उभी कड असलेली स्टीलची पट्टी घ्या. बोटं फाकवून कडेपासून मागे ठेवा, आणि पट्टी लांब असेल तर दोन्ही टोकांना क्लॅम्प लावा. पट्टी नेहमी हव्या असलेल्या भागावर ठेवावी, म्हणजे ब्लेड भरकटलं तर वाया जाणाऱ्या भागात शिरतं. पहिली रेघ अगदी हलकी, नुसती वाट पाडण्यापुरती. दुसरी-तिसरी त्याच चरातून, जरा दाबून. एका रेघेत आरपार जायची हौस असते, तिथेच पट्टी हलते.

ब्लेड मालाच्या जाडीपेक्षा थोडंसंच जास्त बाहेर हवं. एकेरी पन्हाळीच्या पुठ्ठ्याची जाडी ३ ते ४ मिमी, दुहेरीची ६ ते ७. म्हणजे खोक्यांसाठी ब्लेडचा एक तुकडाही पूर्ण बाहेर काढायची गरज नाही. खोकं सपाट करायचं तर उभ्या कोपऱ्यांच्या कडेने बाहेरून कापत खाली या, आणि आतून आधार द्यायला हात घालू नका.

जिप्सम बोर्ड. तो कापायचाच नसतो, मोडायचा असतो. साडेबारा मिलिमीटरचा बोर्ड आरपार कापायला गेलात तर ब्लेड, मनगट आणि कड तिन्ही खराब होतात. पुढच्या बाजूचा कागद पूर्ण फाटेल आणि आतल्या जिप्समला एक-दोन मिलिमीटर चर पडेल एवढी एकच ठाम रेघ मारा. मग चर वर ठेवून बोर्ड फळीच्या किंवा टेबलाच्या कडेवर आणा, आणि चराच्या उलट्या दिशेला झटका द्या. तो सरळ मोडतो. आता मागचा कागद बिजागरीसारखा उरतो. बोर्ड घडी करून त्या घडीतून कागद कापा. या शेवटच्या कापात लोक बेसावध होतात. बोर्ड एका हाताने दुमडून धरलेला असतो आणि ब्लेड वरून खाली त्याच हाताकडे येतं. बोर्ड गुडघ्याने किंवा भिंतीला टेकवून आधारा, आणि हात कापाच्या वर ठेवा, खाली कधीच नाही. जिप्सम ब्लेडची धार झपाट्याने खातो. कागदाच्या कडेला लव दिसू लागली, फाटल्यासारखं वाटलं, की तुकडा मोडा. ब्लेड ‘अजून चालतंय’ या पलीकडे गेलेलं असतं. इलेक्ट्रिक बॉक्सची चौकोनी भोकं कटरने कोरत बसू नका, त्याला बोर्डाची टोकदार आरी असते. कटरने फक्त कागदावर आखणी करा म्हणजे कड फुटत नाही.

गालिचा उखडताना अख्खा ओढू नका. साधारण अर्ध्या मीटरच्या पट्ट्या पाडा. सुटा भाग उलटा करता आला तर मागच्या बाजूने कापा. तिथे विणीच्या रांगा दिसतात आणि ब्लेड लवेत भटकत नाही. चिकटलेल्या भागाला आकडीचं ब्लेड: त्याचं टोक खाली घासत नाही, त्यामुळे खालची फरशी किंवा लाकूड ओरखडत नाही आणि ब्लेडही वाचतं. पण आकडी अंगाकडेच ओढावी लागते, म्हणून वरचा प्रश्न इथे दुप्पट लागू. दुसऱ्या हाताने पट्टी उचलून धरायची ती कापाच्या मागे, आकडी जिथून पुढे सरकून आली आहे तिथे. समोर हात ठेवून ‘ताण देतोय’ म्हणणाऱ्याला थांबवा. पट्टी काढल्यावर खाली खिळ्यांची लाकडी पट्टी उरते. तिच्यावर ब्लेड आपटलं तर टवका उडतो, आणि कटरने ती उचकटायला जाऊ नये. उचकटणं हे कुठल्याच कटरचं काम नाही. रंगाचा डबा उघडणं, स्क्रू फिरवणं, खिळा उपसणं, या सगळ्यांत कडक पोलादाला आडवा पीळ बसतो आणि ते न वाकता तुटतं.

इन्सुलेशनच्या गुंडाळीला मात्र लांब ब्लेड लागतं, आणि एवढ्या एकाच कामाला ते लांब काढणं मला मान्य आहे. ग्लासवूलवर (काचेच्या तंतूंच्या इन्सुलेशनवर) फळी ठेवून गुडघ्याने दाबा, जाडी चपटी होते, मग फळीच्या कडेने ओढत कापा. जोर नको, माल मऊ आहे. तोंडाला मास्क आणि अंगात पूर्ण बाह्या हव्यातच. थर्मोकोलसारख्या फोमला ताजी धार आणि ब्लेड जवळजवळ आडवं. उभं धरलं की मणी सुटतात.

आता हातमोजे. कापरोधक हातमोज्यांवर ‘ईएन ३८८’ या युरोपीय मानकाची खूण असते, आणि २०१६ च्या आवृत्तीपासून तिथे ए ते एफ असं एक अक्षर येतं. ठरावीक २० मिमी अंतर सरळ पातं ओढून कापड फाटायला किती जोर लागला, ते ते अक्षर सांगतं: ए म्हणजे किमान २ न्यूटन, सी १०, एफ ३०. यात दोन गोष्टी लक्षात ठेवा. तुमचा हात कापताना जो जोर लावतो तो एफच्याही पुढे सहज जातो, तेव्हा हे हातमोजे ओझरता घसरा अडवतात, पूर्ण जोराने आलेलं ब्लेड नव्हे. दुसरं, टोचण्यापासूनचं रक्षण वेगळ्या अंकात असतं आणि तिथली चाचणी जाड सळईच्या टोकाने होते, ब्लेडच्या अणकुचीने नाही. तरी पट्टी धरणाऱ्या हातात सी किंवा वरचा, बोटांना घट्ट बसणारा हातमोजा घालाच. कटरच्या हातात पकड टिकवणारा पातळ हातमोजा बरा. ढिला हातमोजा नसलेला बरा.

आणखी काही, पटापट. तुकडा मोडताना चष्मा घाला, तुकडा पक्कडीत किंवा कटरच्या मागच्या टोपीत पकडा आणि टोक खाली, चेहऱ्यापासून दूर ठेवून मोडा, हाताने नाही. कटर दुसऱ्याला हातात देऊ नका, ब्लेड आत घेऊन खाली ठेवा, तो उचलेल. पडणारं कटर झेलायला जाऊ नका. शिडीवर असाल तर मुठीच्या भोकात दोरी बांधा. विजेच्या वायरचं आवरण कटरने सोलू नका: वायर गोल असते, ब्लेड घसरतं, तांब्याला नख लागतं, आणि रबरी मूठ म्हणजे विजेपासून संरक्षण नव्हे. ब्लेडवर डिंक साचला की ते मालात अडकतं आणि मग झटका बसतो. ब्लेड काढून रॉकेल किंवा स्पिरिटच्या बोळ्याने पाठीकडून धारेकडे पुसा. मोडलेले तुकडे आणि जुनी ब्लेडं कचऱ्याच्या पिशवीत सुटी टाकली तर ती पिशवी उचलणाऱ्याचा हात कापतो. पत्र्याच्या डब्याच्या झाकणाला फट पाडा, त्यातून टाकत जा, भरला की झाकण चिकटपट्टीने बंद करून वर लिहा.

कापलंच तर स्वच्छ कापडाने सरळ दाब द्या, हात छातीच्या वर उचला आणि दहा मिनिटं कापड न उचलता धरून ठेवा. सारखं उघडून बघितल्याने गोठलेलं रक्त निघतं. जखम छोटी दिसली तरी बोट वाकवून-सरळ करून बघा आणि शेंड्याला स्पर्श जाणवतो का ते तपासा. बोटांत स्नायूंचे दोर आणि नसा कातडीच्या अगदी खाली असतात, आणि कटरची धार बारीक जखमेतूनही तिथपर्यंत पोचते. बोट वाकत नसेल, बधिर वाटत असेल, दाब देऊनही रक्त थांबत नसेल किंवा जखमेच्या कडा उघड्या राहत असतील तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, आणि धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते त्यांना सांगा.